खिडकीचं पोट

१
लंडनच्या इस्टेट एजंटच्या जाहिरातीत दिवाणखान्याचं माप देताना पुढे लिहिलेलं असतं: बे विंडोच्या आतपर्यंत. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च जिथे कुणी बसत नाही, ती जागासुद्धा किमतीत धरलेली.

२
बे विंडो म्हणजे तीन किंवा जास्त बाजूंनी काच, खाली कमरेएवढी भिंत, वर छोटं छप्पर. घराचा जो भाग सगळ्यात पुढे, वाऱ्यापावसात, त्याचीच भिंत सगळ्यात पातळ. हॅरोतल्या आमच्या रस्त्यावरची जुळी घरं १९३०च्या दशकातली. मुख्य भिंत दोन पदरी, मध्ये पोकळी. बेखालची भिंत बऱ्याच घरांत एकेरी विटेची, साडेचार इंच. आणि खालच्या व वरच्या खिडकीमधला पट्टा तर भिंतच नव्हे. लाकडी सांगाडा, त्यावर बाहेरून लटकवलेली कौलं, आतून लाकडी पट्ट्यांवरचं प्लास्टर. मध्ये काही नाही.

३
शेजारच्या केंटनहून एक कच्छी मिस्त्री आमची बे बघायला आला. काचेकडे त्याने बघितलंच नाही. छताखालच्या पट्ट्यावर बोटाने ठोकलं, जरा सरकून पुन्हा ठोकलं.
"काच तो ठीक है, बेन. पेट खाली है."

४
खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. काचेला यात काही विशेष मान नाही. काचेवरचं दिसतं, एवढंच.
बुरशीला तर पाणी जमायचीही गरज नसते. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तिचं भागतं.

५
जानेवारीतली सकाळ. तावदानाच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ. एखादा थेंब फुगतो, शेजारच्याला ओढून घेतो, दोघं मिळून कोपऱ्याकडे घरंगळतात आणि रबराच्या पट्टीशी अडतात. तिथे काळे ठिपके, आधी सुटे, मग एकमेकांना जोडलेले. पट्टीवरचे फडक्याने निघतात. सिलिकॉनच्या आत शिरलेले निघत नाहीत. ब्लीच लावलं की त्यांचा रंग जातो, ते जात नाहीत.

६
रेडिएटर बेखाली. पडदा रेडिएटरवर. गॅसचं बिल टेबलावर.

७
जाड पडद्याने खिडकीतून जाणारी उष्णता किती अडते? ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हे मोजलं. हिस्टॉरिक स्कॉटलंडसाठी २००८ साली आलेलं उत्तर १४ टक्के. इंग्लिश हेरिटेजसाठी २००९ साली आलेलं उत्तर ४१ टक्के. पडदा कुठे, कसा आणि किती घट्ट लावला त्यावर सगळं.
पडदेवाल्याला यातला कुठला आकडा पाठ असेल?
लाकडी झडपा मात्र दोन्हीकडे पन्नाशी ओलांडतात: ५१ आणि ५८.

८
अशा झडपा पुष्कळ व्हिक्टोरियन घरांत होत्या. खिडकीच्या बगलेतल्या लाकडी कप्प्यात घडी होऊन बसायच्या. पुढच्या पिढ्यांनी वरून रंग दिला, मग आणखी रंग दिला आणि आत काय आहे ते विसरून गेल्या. रंग खरवडताना बगलेतला तक्ता अचानक हलला, असं अजूनही कुणाकुणाच्या घरी होतं. मग ते लोक आठवडाभर भेटेल त्याला सांगत असतात.

९
बेच्या वळणाने रॉड बसवला तर महाग. खोलीच्या कडेने सरळ बसवला तर स्वस्त, आणि रात्री बे खोलीच्या बाहेर. सोफ्यावर छान ऊब. पडद्यामागची काच मात्र आणखी गार, कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही. वाफ पोचते. कापड ऊब अडवतं, वाफ अडवत नाही. त्यामुळे पडदा जितका चांगला, तितकं सकाळी फडकं जास्त पिळावं लागतं.
पडदेवाला हे सांगत नाही. फडकेवाला असा कुणी नसतो.

१०
१७७४च्या लंडनच्या इमारत कायद्याने खिडकीच्या लाकडी चौकटी विटांच्या मागे दडवायला लावल्या. दुकानाची खिडकी पुढे काढायची तर रुंद रस्त्यावर जास्तीत जास्त १० इंच, अरुंद रस्त्यावर ५. भीती आगीची होती. १८९४च्या कायद्याने हे पुष्कळ सैल केलं.
थंडीची भीती कायद्याला बरीच उशिरा वाटली. घराच्या भिंतीतून किती उष्णता जाऊ द्यायची याचा, आतलं लंडन सोडून, इंग्लंड-वेल्सभर लागू होणारा नियम यायला १९६५ उजाडलं. आमच्या रस्त्यावरची घरं तोवर तीस वर्षं गारठलेली.

११
व्हाइट्स हा सेंट जेम्स स्ट्रीटवरचा क्लब. १८११ साली त्यांनी रस्त्याकडे पुढे आलेली खिडकी काढली. त्या काळचा नामांकित छैला ब्यू ब्रमेल आणि त्याची मित्रमंडळी तिथे बसायची, येणारे-जाणारे बघायला. त्याहून जास्त, दिसायला.
शेकोटी आत होती.

१२
डॉ. वॉटसनही शेरलॉक होम्सच्या एका गोष्टीत बेकर स्ट्रीटवरच्या बो विंडोत, म्हणजे वळणदार बेमध्ये, उभा राहून रस्ता न्याहाळतो. फेब्रुवारीची सकाळ, खाली बर्फ. बेकर स्ट्रीटवरची जुनी घरं बहुतेक सपाट तोंडाची, पण ते सोडून देऊ. होम्सच्या खोलीत शेकोटी सारखी पेटलेली का असते, हे इथे राहायला आल्यावर कळलं.

१३
काचेवरचा कर १८४५ साली गेला, खिडक्यांवरचा १८५१ साली.
आज: खिडकीच्या फटीत कारागिराने ब्रशची पट्टी बसवली तर व्हॅट शून्य. तीच पट्टी दुकानातून आणून आपण चिकटवली तर २० टक्के. दुहेरी काचेच्या खिडक्यांवर २० टक्के, बसवणारा कुणी का असेना. शून्याची सवलत मार्च २०२७ अखेरपर्यंत.

१४
१९६०च्या दशकात इथे आलेल्या एका काकूंना विचारलं, तेव्हा कसं काय निभवायचात?
"अगं, एका खोलीत चौघं आणि एक पॅराफिनचा हीटर. तो खिडकीशी ठेवायचा. भिंतींवरून पाणी ओघळायचं. कागद सुटून लोंबायचा."
पॅराफिन म्हणजे रॉकेल. लिटरभर जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं आणि या हीटरला धुराडं नसतं, त्यामुळे ते खोलीतच राहतं. घरमालकीण म्हणायची, ओल तुमच्या फोडण्यांमुळे येते.
हीटर तिनेच दिलेला.

१५
रॉचडेल, डिसेंबर २०२०. अवाब इशाक, वय दोन वर्षं. सदनिकेत सतत बुरशीच्या संपर्कात राहिल्याने मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२मध्ये चौकशीअंती निघाला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं होतं. घर देणाऱ्या संस्थेने नंतर कबूल केलं की कुटुंबाच्या राहणीविषयी आम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या. त्यात त्यांच्या अंघोळीची पद्धतही होती.
अवाबच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडातल्या सामाजिक घरांना लागू आहे.

१६
बादलीभर पाण्याने अंघोळ. शॉवरखाली पंधरा मिनिटं. वाफ कशाने जास्त होते ते कुणीही मोजावं.

१७
खिडकीच्या सिलखाली वाकून बघायची सवय लागली आहे. शेजारी काय म्हणत असतील कोण जाणे.
बाहेरच्या सिलच्या खालच्या अंगाला, पुढच्या काठापासून थोडी आत, एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी सिलच्या पोटाखालून भिंतीकडे निघालं की खाचेशी अडतं आणि टपकतं. खाचेचं काम इतकंच. काही वर्षांनी रंगारी येतो, सिल रंगवतो आणि नीटनेटका असेल तर खाचही भरून गुळगुळीत करतो. आमच्या ओळीतल्या कितीतरी खाचा अशा बुजलेल्या. एका ठिकाणी पाणी खाच ओलांडून मागे गेल्याची हिरवट रेघ सरळ भिंतीपर्यंत. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला, त्या घरच्या बाईंनी दाखवलं, ओलीवरच्या औषधाची इंजेक्शनं दिलेली. विटांत ओळीने भोकं, भोकांना बुचं. औषध जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीवरचं. पाणी वरून येणारं.
खाच खिळ्याने मोकळी होते.

१८
ओलीची तपासणी मोफत. त्यानंतरचं काही मोफत नाही.

१९
तपासणीचं मीटर दोन सुयांचं. मुळात लाकडातली ओल मोजायला केलेलं. प्लास्टरवर टोचलं तर क्षारांनाही ते पाणी समजतं. भिंतीवरच्या कागदामागे चांदीचा वर्ख असेल तर भिंत ठार भिजल्याचं सांगतं. तपासणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

२०
घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रात भिंतीपुढे लिहिलेलं: इन्सुलेशन नाही (गृहीत).
कंसही छापील.

२१
लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, म्हणजे आमच्या घरांच्याच वयाचं. फराळाच्या रांगेत आधी मुलांच्या शाळा, मग गुडघे, मग ओल. एक वहिनी बेच्या कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवतात. दुसऱ्या कापूर. तिसऱ्या म्हणाल्या, "मीठ-कापूर राहू दे गं, कुकर लावताना खिडकी उघड."
तिसऱ्या वहिनींशी कुणी फार बोललं नाही.

२२
चार माणसांचं घर श्वास, स्वयंपाक, अंघोळ आणि वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडतं, असं ओलीवरची पुस्तकं सांगतात. डिह्युमिडिफायरची टाकी सकाळी भरलेली असते तेव्हा ते पटतं. कालचा भात, परवाचे टॉवेल, रात्रभराचं घोरणं, सगळं त्या टाकीत. मनीप्लांटला चालतं.

२३
खिडकीच्या वरच्या पट्टीतली हवेसाठीची फट. करणाऱ्याने ठेवली, राहणाऱ्याने सेलोटेप लावून बंद केली. सेलोटेपच्या कडेने बुरशी.

२४
कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांच्या झडी बांधतात आणि पाऊस सरला की सोडतात. इथे ऑक्टोबरात खिडकीच्या आतून ॲक्रिलिकचं दुसरं तावदान चुंबकाच्या पट्टीवर बसवायचं, एप्रिलात काढून पलंगाखाली ठेवायचं. आमच्या बेला सारखं म्हणून एकही तावदान नाही. डोळ्यांना सारखी वाटतात, टेप लावली की प्रत्येक निराळं, वर एक माप आणि खाली दुसरं. पाठीमागे क्रमांक टाकले नसतील तर पुढच्या ऑक्टोबरात नवऱ्याशी भांडण.
यात एक पथ्य आहे. आतलं तावदान घट्ट बसवायचं, बाहेरची जुनी खिडकी किंचित श्वास घेईल अशी ठेवायची. उलट झालं तर वाफ दोन काचांच्या मध्ये शिरते, आणि तिथे फडकं पोचत नाही.

२५
याहून स्वस्त हवं तर प्लास्टिकची फिल्म. चौकटीला दुहेरी टेपने लावायची, हेअर ड्रायर फिरवला की ताणली जाऊन दिसेनाशी होते. हिवाळाभर टिकते. घरात मांजर नसेल तर.

२६
वळणदार काच आणि पोलादी चौकटी असलेल्या १९३०च्या दशकातल्या बे विंडो. अशा घरांना ‘सनट्रॅप’ म्हणत. चौकटी बऱ्याचदा एसेक्समधल्या क्रिटॉल कंपनीच्या. पोलाद ऊन आणि थंडी यांत भेदभाव करत नाही. इंग्लंडात यांतलं कुठलं जास्त, हे बिल्डरला ठाऊक होतं.

२७
मग १९८०च्या दशकात लाकडी चौकटी काढून प्लास्टिकच्या बसवायची लाट आली. जुन्या लाकडी चौकटीच वरच्या बेचं ओझं पेलत होत्या, हे काही बसवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. जिथे कोपऱ्यांत धातूचे खांब घातले नाहीत, तिथे वरची बे सावकाश खाली बसत गेली. खूण सोपी आहे: खिडकी घासत उघडते आणि कौलांच्या ओळीला झोल दिसतो.
ऊब वाढावी म्हणून केलेल्या कामातून नवी फट.

२८
मुंबईत २०१२पूर्वी बिल्डर खिडकीबाहेर फ्लॉवर बेड काढून द्यायचे, कारण ते एफएसआयमध्ये धरलं जात नसे. ताबा मिळाला की लोक ते खोलीत ओढून घेत. त्यात फूल लावलेलं मी कुणाकडे पाहिलं नाही. फ्लॅट विकताना ते अर्थात मोजलेलं असायचं.

२९
जागतिक आरोग्य संघटनेच्या मते थंडीत घरात निदान १८ अंश हवेत. आमच्या बेमधल्या खुर्चीवर थर्मामीटर १३ दाखवतो.
ती खुर्ची पाहुण्यांची.

३०
दिवाळीत घर कुणाचं ते रस्त्यावरून कळतं: बेच्या मधोमध आकाशकंदील. डिसेंबरात पुष्कळ घरांत त्याच हुकाखाली ख्रिसमसचं झाड. दोन्हीसाठी पडदा उघडा ठेवावा लागतो.

३१
मिस्त्रीचा क्रम: आधी बेचं छप्पर, मग पेट, मग खालची भिंत, मग फरशी, आणि पैसे उरले तर काच. रस्त्यावरच्या बहुतेक घरांनी काचेपासून सुरुवात केली आणि काचेशीच थांबली.
छप्पर एवढंसं, पण त्याच्या आणि बेच्या छताच्या मध्ये बहुधा नुसती पोकळी. पेट बाहेरून उघडायचं. कौलं एकेक उतरवून क्रमाने लावून ठेवायची, सांगाड्याच्या मधे लोकर किंवा फोमचे बोर्ड बसवायचे, वरून पाणी अडवून वाफ जाऊ देणारं कापड, मग पुन्हा तीच कौलं. आत कोळ्यांची जाळी निघतात, वाळलेलं घरटं निघतं, कधी वर्तमानपत्राचे बोळे. बोळे निघाले की मिस्त्रीला बरं वाटतं. म्हणतो, म्हणजे आधीच्या माणसालाही थंडी वाजत होती.
फरशीखालून वारा येतो म्हणून बाहेरची जाळीची वीट बुजवायची नाही. तो वारा फरशीखालच्या लाकडांसाठी आहे. आपण फरशीच्या पोटाला लोकर लावायची आणि वाऱ्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं.

३२
खालची भिंत हे अवघड प्रकरण. एकेरी विटेला आतून फोमचा बोर्ड लावला की खोलीला ऊब येते, वीट मात्र आधीपेक्षा गार पडते. पावसाने भिजली तर वाळवायला घराची उष्णता आता तिच्यापर्यंत येत नाही. आणि बोर्डाच्या सांध्यांतून वाफ मागे गेली, तर ती मागच्या मागे पाणी होते. पाच-सहा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून काहीजण लाकडाच्या तंतूंचे बोर्ड आणि चुन्याचा गिलावा करतात. ते ओल घेतात आणि सोडतात. खर्च जास्त, जाडी जास्त, वाळायला कैक दिवस. तरुण कारागीर चुन्याला नाक मुरडतात. मिस्त्रीने चिमूटभर गिलावा बोटांत चोळून बघितला. "हमारे भुज में सब यही था."
बोर्ड भिंतीवर थांबवून भागत नाही. खिडकीच्या बगलेत आणि सिलच्या फळीखाली वळवावा लागतो. नाहीतर पाणी घर सोडत नाही, फक्त खोली बदलल्यासारखं एक वीत सरकतं.

३३
दोन अंदाजपत्रकं. काचवाल्याने सोफ्यावर बसून दिलं. चहा दोनदा. आकडा आधी मोठा सांगितला, मग कुणाला तरी फोन केला आणि आज सही केलीत तर निम्म्यात, म्हणाला. मिस्त्रीने शिडीवरूनच सांगितलं. लिहून मागितलं तेव्हा लाकडाच्या तुकड्यावर लिहून दिलं.

३४
कौलं उतरवायला सलग कोरडे दिवस हवेत. मिस्त्रीने मोबाइलवर पुढच्या पंधरवड्याचं हवामान दाखवलं आणि काही न बोलता फोन खिशात टाकला.
मेमध्ये करू, मी म्हटलं.
"मई में आप भूल जाओगे, बेन. सब भूल जाते हैं. फोन मैं करूंगा."